बांगड्या, पपई आणि अग्निबाण
ब्राह्मणपुरीहून आलेल्या एका पत्राच्या निमित्ताने

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीहून गेल्या महिन्यात आमच्याकडे एक पत्र आलं. लिहिणारे वाचक पिकअप चालवतात. हंगामात पपई आणि केळी भरायची, शहाद्याला किंवा मोठ्या ट्रकपर्यंत पोहोचवायची, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आहे. तिला विमानाचं आणि अग्निबाणाचं शिक्षण घ्यायचं आहे. मुलीचे मामू म्हणतात, एवढं लांबचं शिक्षण कशाला, बी.कॉम. करू द्या आणि पुढे मॅनेजमेंट. घरातले बुजुर्ग म्हणतात, ज्या गावात विमान उतरत नाही त्या गावच्या मुलीने विमान शिकून करायचं काय?

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. त्यांनी आम्हाला बराच वेळ गप्प केलं. "तिच्या अम्मीच्या चार बांगड्या आहेत. त्या निकाहासाठी ठेवल्या आहेत. शिक्षणासाठी मोडाव्यात का, एवढंच सांगा."

एवढंच सांगणं सोपं नाही, म्हणून हा लेख. विमानविद्या आणि व्यवस्थापन हे दोन रस्ते खरंच वेगळे आहेत का, हे पाहायला आम्ही एका माणसाचं आयुष्य पुन्हा उघडलं. तो माणूस विमानविद्या शिकला, त्याने अग्निबाण बांधला आणि आयुष्याच्या शेवटच्या दिवशी तो व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेत, विद्यार्थ्यांसमोर उभा असताना कोसळला. मरहूम डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांना राष्ट्रपती म्हणून सगळे ओळखतात. 'पोहोचवण्याच्या विद्ये'चे जाणकार म्हणून त्यांच्याकडे फार कमी जणांनी पाहिलं आहे.

धावत्या गाडीतून पडलेले गठ्ठे

व्यवस्थापनाच्या शिक्षणात ज्याला 'सप्लाय चेन' म्हणतात, म्हणजे पुरवठ्याची साखळी, तिचा अर्थ साधा आहे. योग्य वस्तू, योग्य प्रमाणात, योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि परवडेल अशा खर्चात पोहोचली पाहिजे. या विद्येचा पहिला धडा कलामांना रामेश्वरममध्ये मिळाला, तोही लहानपणी.

१५ ऑक्टोबर १९३१ रोजी जन्मलेल्या या मुलाचे अब्बा जैनुलआबिदीन यांनी यात्रेकरूंना रामेश्वरमहून धनुष्कोडीला नेणारी लाकडी नाव बांधली होती. ती नाव पुढे चक्रीवादळात गेली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रामेश्वरम स्टेशनावर गाडी थांबणं बंद झालं. कलामांचे चुलतभाऊ समसुद्दीन हे गावात वर्तमानपत्रं वाटायचे. गाडी थांबत नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून फेकले जाऊ लागले. ते उचलायला एक जास्तीचा हात हवा होता आणि तो हात छोट्या अब्दुलचा होता. आयुष्यातली पहिली कमाई त्यांनी त्या कामातून केली.

पाहा, साखळीतली एक कडी तुटली, गाडीचा थांबा गेला, तरी माल पोहोचवायचा होता. समसुद्दीन यांनी थांबा परत मागत बसण्यापेक्षा दुसरी कडी जोडली. पुस्तकात यालाच पर्यायी व्यवस्था म्हणतात. ब्राह्मणपुरीच्या पिकअपवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पूल बंद असला की कुठल्या रस्त्याने माल काढायचा, हे त्याला पाठ असतं.

जोहरा आपाच्या बांगड्या

तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर कलामांच्या लक्षात आलं की आपली ओढ अभियांत्रिकीकडे आहे. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या निवड यादीत नाव आलं. प्रवेशाला सुमारे एक हजार रुपये लागणार होते. १९५५ च्या सुमाराचे एक हजार रुपये! अब्बांकडे एवढी रक्कम नव्हती. तेव्हा थोरली बहीण जोहरा पुढे आली. तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली.

ही गोष्ट आपल्या घरांत अनेकदा सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे ओले होतात. पण तिचा दुसरा अर्धा भाग बहुतेकदा राहून जातो. बांगड्या मोडल्या नव्हत्या, गहाण ठेवल्या होत्या. आणि भावाने मनाशी ठरवलं होतं की त्या स्वतःच्या कमाईने सोडवायच्या. विद्यार्थ्याला कमाई कुठली? एकच मार्ग होता, अभ्यास करून शिष्यवृत्ती मिळवणं. म्हणजे सोन्याने फक्त दार उघडलं. आतला खर्च मेहनतीने चालवायचा होता.

ती शिष्यवृत्तीही एकदा धोक्यात आली. विमानविद्येच्या अभ्यासात कलाम आणि त्यांच्या चार सोबत्यांकडे कमी उंचीवरून हल्ला करणाऱ्या विमानाचा आराखडा करण्याचं काम होतं. संस्थेचे संचालक प्रा. श्रीनिवासन यांना कामाची गती पसंत पडली नाही. कलामांनी एक महिना मागितला. मिळाले तीन दिवस. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ. काम झालं नाही तर शिष्यवृत्ती बंद. त्या तीन दिवसांत कलामांनी झोप आणि जेवण बाजूला ठेवून आराखडा पूर्ण केला. वेळेत न पोहोचलेला माल हा नाशवंत मालच असतो, मग तो कागदावरचा का असेना. पपईवाल्या घराला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

पुढे हवाई दलात वैमानिक व्हायचं स्वप्न तुटलं. डेहराडूनच्या निवडीत २५ जणांत ते नववे आले आणि जागा आठ होत्या. पण अल्लाहच्या घरी देर असते. राष्ट्रपती असताना ८ जून २००६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानातून उड्डाण केलं. या सुखोई विमानांची आपल्या देशातली बांधणी होते ती नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. 'आपल्या भागात विमान कुठे?' असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना हे अदबीने सांगायला हरकत नाही.

दहा लाख भाग, एक अग्निबाण

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. सतीश धवन यांनी कलामांकडे एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाची जबाबदारी दिली. २२ मीटर उंच, १७ टन वजनाचा, चार टप्प्यांचा अग्निबाण. काम सुमारे ४० किलोचा उपग्रह कक्षेत नेऊन सोडण्याचं.

या अग्निबाणात ४४ मुख्य उपयंत्रणा आणि अडीचशेहून अधिक जुळण्या होत्या. सुट्या भागांची यादी दहा लाखांवर गेली होती. हे भाग एका छताखाली बनत नव्हते. कुठे धातू, कुठे इंधन, कुठे इलेक्ट्रॉनिक्स. यात महाराष्ट्राचाही हात होता. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे नाव साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध. त्याच वालचंदनगरच्या कारखान्याने एसएलव्ही-३ च्या काळापासून इस्रोसाठी अग्निबाणाच्या मोटारींची कवचं बनवली आहेत. अग्निबाणाच्या घन इंधनामागे मोठा वाटा होता तो मराठी शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांचा. पुढे मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून इस्रोसाठी विकास इंजिनं तयार होऊ लागली. म्हणजे उसाच्या पट्ट्यातल्या आणि गिरण्यांच्या शहरातल्या कारागिरांचे हात अंतराळापर्यंत पोहोचले.

प्रकल्प संचालकाचं खरं काम इथे सुरू होतं. एक छोटासा व्हॉल्व्ह महिनाभर उशिरा आला तर बाकी सगळं तयार असूनही अग्निबाण उभा राहत नाही. म्हणून कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठलं कशासाठी अडून राहील याचा तक्ता सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. विमानविद्या सांगते काय बनवायचं. ते बनण्याइतक्या वस्तू आणि माणसं वेळेवर एकत्र कशी आणायची, हे पुरवठा साखळीची विद्या सांगते. कलामांनी दोन्ही एकाच खुर्चीवर बसून केलं.

यात एक हिशेब आहे. तो आमच्या वाचक भाईंनी मुलीकडून करून घ्यावा. समजा ४४ उपयंत्रणांपैकी प्रत्येक ९९ टक्के भरवशाची आहे. ऐकायला किती छान! पण सगळ्या एकाच वेळी नीट चालल्या तरच अग्निबाण वर जातो. ०.९९ ला त्याच आकड्याने ४४ वेळा गुणत गेलं की उत्तर येतं ०.६४ च्या आसपास. म्हणजे शंभरातली छत्तीस उड्डाणं फसणार. साखळीत प्रत्येक जण 'थोडंसंच चुकलं' म्हणाला की शेवटी मोठं नुकसान होतं.

हाच हिशेब पपईला लावा. तोडणी, वाहतूक, हाताळणी, ट्रक, शेवटचा बाजार अशा पाच हातांत प्रत्येकी फक्त ५ टक्के माल खराब झाला असं समजा. १०० किलोतले शेवटी साधारण ७७ किलोच उरतात. शेतकऱ्याचा घाम, हमालाचे कष्ट, पाणी, डिझेल, यातला जवळपास चौथा हिस्सा वाया. अग्निबाणाचं गणित आणि पपईचं गणित एकच आहे.

एका व्हॉल्व्हची शिकवण

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ उडाला. पहिला टप्पा व्यवस्थित गेला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण सुटलं आणि सुमारे पाच मिनिटांत अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. तपासात दिसलं की एका व्हॉल्व्हमध्ये घाण अडकून तो नीट बंद झाला नव्हता. नियंत्रणासाठी लागणारं आम्ल उड्डाणाआधीच गळून गेलं होतं. दहा लाख भागांच्या साखळीला कणभर कचऱ्याने हरवलं.

त्या दिवशी पत्रकारांसमोर प्रा. धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा धवन मागे थांबले आणि कलामांना पुढे केलं. ही आठवण कलाम पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत राहिले. आम्हाला वाटतं, व्यवस्थापनाच्या जाडजूड पुस्तकांत यापेक्षा मोठा धडा नाही. नुकसान झालं की ड्रायव्हरवर ढकलायचं आणि नफा झाला की आपली हुशारी सांगायची, ही सवय ज्याला सोडता आली तो खरा व्यवस्थापक.

१९८३ मध्ये कलामांच्या नेतृत्वाखाली क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला. पृथ्वी, आकाश, त्रिशूल, नाग आणि अग्नी. १९८७ मध्ये बड्या देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंध आणले. बाहेरून येणाऱ्या कड्या एकामागून एक तुटल्या. इथे पुन्हा रामेश्वरमचं स्टेशन आठवावं. गाडी थांबत नाही, पण माल हवाच आहे. मग देशातल्या प्रयोगशाळा, कारखाने आणि विद्यापीठं यांना जोडून नवी साखळी उभी झाली. दोनदा ऐनवेळी थांबवावं लागल्यावर २२ मे १९८९ रोजी अग्नीची चाचणी यशस्वी झाली.

याच कामातून निघालेला एक हलका पदार्थ हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी पाहिला. पायाने अधू असलेली लहान मुलं तिथे तीन-तीन किलोची कॅलिपर्स ओढत चालत होती. कलामांच्या सहकाऱ्यांनी त्याच पदार्थापासून साधारण ३०० ग्रॅमची कॅलिपर्स करून दिली. धावणारी मुलं आणि रडणारे आईबाप पाहून झालेला आनंद कलाम नेहमी सांगायचे. इल्म कुठून निघतं आणि कुणाच्या पायाशी पोहोचतं, पाहा.

वर्गात परतलेला माणूस

कलामांच्या नावापुढे 'पुरवठा साखळीचे प्राध्यापक' अशी पाटी कधी लागली नाही. पण शिकवणं त्यांनी सोडलं नाही. २००१ मध्ये ते चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००२ ते २००७ राष्ट्रपतिपद. त्यानंतर पुन्हा वर्ग. अहमदाबाद, इंदूर आणि शिलाँगच्या भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये ते अभ्यागत प्राध्यापक होते. अहमदाबादला प्रा. अनिल गुप्ता यांच्यासोबत त्यांनी 'ग्रिट' नावाचा अभ्यासक्रम घेतला. विषय होता, भारत बदलायचा कसा.

त्या वर्गांत ते 'पुरा' या कल्पनेबद्दल वारंवार बोलत. शहरातल्या सोयी खेड्यात. त्यासाठी चार जोडण्या लागतात. पहिली रस्त्यांची, दुसरी दूरसंचाराची, तिसरी ज्ञानाची. या तिन्ही झाल्या की चौथी, पैशाची जोडणी आपोआप येते. शहाद्याच्या पपई पट्ट्याकडे या नजरेने पाहा. रस्ता आहे, मोबाईल आहे, तरी दरावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्या बैठका झडतात. कमी पडते ती तिसरी जोडणी. कुठल्या शहरात किती माल लागेल, कुठे शीतगृह रिकामं आहे, याचं ज्ञान शेताच्या बांधापर्यंत येत नाही.

एक उदाहरण आपल्याच घरातलं. रमजानमध्ये इफ्तारसाठी पपई आणि केळीची मागणी वाढते. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. पपईला लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण नऊ-दहा महिने लागतात. म्हणजे पुढच्या रमजानचा माल कधी लावायचा, हे हिजरी आणि इंग्रजी दोन्ही कॅलेंडर समोर ठेवून आज सांगता येतं. ज्या घरात चाँद पाहायची सवय आहे, त्या घरच्या मुलीला मागणीचा अंदाज बांधणं परकं का वाटावं?

आणि हा धंदा आपल्या दीनलाही परका नाही. कुरैशांच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या सफरींचा उल्लेख कुरआनात आहे. आमचे प्यारे नबी (स.) यांनी हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामचा प्रवास केला आणि अमानतदारीने हिशेब चुकता केला. माप मारणाऱ्यांना ताकीद देणारी एक पूर्ण सूरह आहे. साखळीतल्या प्रत्येक हाताला दिलेला माल ही अमानत आहे, हे आपल्याला घरातच शिकवलं जातं.

२७ जुलै २०१५ रोजी संध्याकाळी शिलाँगच्या व्यवस्थापन संस्थेत कलाम पृथ्वी राहण्याजोगी कशी ठेवावी यावर बोलायला उभे राहिले. काही मिनिटांतच ते कोसळले. वय ८३. ३० जुलैला रामेश्वरमच्या मातीने त्यांना परत घेतलं.

मुलीसाठी आणखी एक नाव

'हे पुरुषांचं काम' असं कुणी म्हणालं तर डॉ. टेसी थॉमस यांचं नाव सांगावं. केरळच्या आलप्पुळाच्या. त्रिशूरच्या सरकारी महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकताना त्यांनी बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं होतं. पुढचं क्षेपणास्त्रांचं शिक्षण त्यांनी पुण्यात घेतलं. १९८८ मध्ये त्या संरक्षण संशोधन संस्थेत आल्या आणि कलामांनी त्यांना अग्नी प्रकल्पात घेतलं. पुढे अग्नी-४ च्या त्या प्रकल्प संचालक झाल्या. आणि मामूंनी हे ध्यानात घ्यावं, त्यांनी व्यवस्थापनाची पदवीही घेतली, तीही ऑपरेशन्स या विषयात. म्हणजे मुलगी आणि मामू दोघंही बरोबर आहेत. फक्त क्रम ठरवायचा आहे.

आता पत्राचं उत्तर

वाचक भाई, पहिलं म्हणजे मुलीच्या बारावीत गणित होतं का ते पाहा. गणित आणि भौतिकशास्त्राशिवाय विमानविद्येचं दार उघडत नाही. आयआयटी मुंबईचा एरोस्पेस विभाग किंवा तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञान संस्था हवी असेल तर जेईई अॅडव्हान्स्ड लागते. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी. एरोस्पेस मिळालं नाही तर यंत्र अभियांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊनही याच क्षेत्रात जाता येतं. दार एकच नाही.

दुसरं, व्यवस्थापन नंतर. चार वर्षं अभियांत्रिकी, मग शक्य असेल तर थोडी नोकरी, मग कॅटची परीक्षा. मुंबईत पवईला १९६३ मध्ये स्थापन झालेली 'नीटी' ही संस्था कारखाने आणि पुरवठा साखळीच्या शिक्षणासाठी नावाजलेली आहे. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली. तुमच्या जवळ वडोदऱ्याला वाहतूक आणि लॉजिस्टिक्ससाठी गतिशक्ती हे केंद्रीय विद्यापीठ आहे. त्याच वडोदऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. विमान ब्राह्मणपुरीत उतरत नसेल, पण ते बनतं ते ठिकाण सातपुड्यापासून फार लांब नाही.

तिसरं, बांगड्या. आमचं मत स्पष्ट आहे. सोनं सर्वांत शेवटी. आधी सरकारी महाविद्यालय, कारण तिथे फी कमी. मग शिष्यवृत्ती. मग मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा, तारखा आणि अटी जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. एवढं करूनही प्रवेशाच्या दिवशी रक्कम कमी पडली, तर बांगड्या गहाण ठेवा, मोडू नका. आणि मुलीला समोर बसवून सांगा की या सोडवायच्या तुला आहेत. ओझं म्हणून नाही, अमानत म्हणून.

चौथं, हा निर्णय घेण्याआधी तिच्या अम्मीला विचारा. तुमच्या पत्रात बांगड्यांचा उल्लेख आहे, पण बांगड्यांच्या मालकिणीचं मत नाही. जोहरा आपाला कुणी मागितलं नव्हतं, ती स्वतः पुढे आली होती. सोन्याची बरकत त्या मर्जीत होती.

आणि या सुट्टीत एक काम करा. एका फेरीला मुलीला पिकअपमध्ये सोबत घ्या. तोडणीपासून काट्यापर्यंत किती माल निघाला, कुठे किती खराब झाला, किती वेळ थांबावं लागलं, हे तिला वहीत लिहू द्या. महिनाभराने ती वही पाहा. तिचं पहिलं शिक्षण तिथूनच सुरू होईल, फी न भरता.

अल्लाह तिच्या इल्ममध्ये बरकत देवो. ती वही भरली की आम्हाला नक्की कळवा.